पिवळ्या ठिपक्याचं कुलूप

मिस्त्रीने तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. समोर बसलेल्या साहेबाला आपण काय लिहून ठेवलंय ते स्वतःच्या कानांनी ऐकू यावं म्हणून.

“‘सदर कर्मचाऱ्याने मेन स्विचला कुलूप न लावता लिफ्टच्या खड्ड्यात प्रवेश केला. अपघात कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला.’” त्याने कागद टेबलावर आपटला. “हे कुणी लिहिलं?”

“कंपनीने लिहिलंय, मिस्त्री.”

“कंपनीला हात असतात का? कुणाच्या हाताने लिहिलं, ते विचारतोय.”

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. चांगला म्हणावा असंही त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. त्याने खण उघडला आणि आतून एक कुलूप काढून कागदावर ठेवलं. मुठीएवढं, जड, काळपट. त्याच्या पोटावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता.

“हे त्याच्या पिशवीत सापडलं,” साहेब म्हणाला. “किल्ली त्याच्या खिशात, कुलूप पिशवीत. आता तुम्हीच सांगा, मी दुसरं काय लिहू?”

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मिस्त्रीला तसं नवीन नव्हतं. पण यावेळी ती तिथे थांबली नाही. त्याचे कानही तापले. एकतीस वर्षं त्याने याच कंपनीत लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. या खोलीत तो नेहमी उभ्याने भांडला होता. आज साहेबाने त्याला खुर्ची दिली होती, म्हणजे पाणी किती खोल आहे ते त्याला आधीच कळायला हवं होतं.

लिफ्टच्या धंद्यात एकच नियम असा आहे, जो रक्ताने लिहिलाय. इमारतीच्या डोक्यावर एक मशीनची खोली असते. तिथे मेन स्विच असतो. ज्याला लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचंय त्याने आधी वर जायचं, स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची आणि मगच खाली यायचं. ज्याचा जीव त्याचं कुलूप. मग वरून देव आला तरी लिफ्ट हलत नाही.

“माझा पोरगा कुलूप लावल्याशिवाय खड्ड्यात उतरणारच नाही,” मिस्त्री म्हणाला. “मी शिकवलंय त्याला. हे कुलूप नंतर कुणीतरी काढून पिशवीत टाकलंय. त्याच्यावर ढकललं की तुम्ही मोकळे. मेलेला माणूस उलटून बोलत नाही ना.”

“आठ दिवसांनी चौकशी आहे. सरकारी बाई येणार आहेत. तुम्हाला जे म्हणायचंय ते तिथे म्हणा.”

“म्हणणारच. कान साफ करून या.”

कुलूप त्याने विचारल्याशिवाय उचललं आणि खिशात घातलं. साहेबाने मिस्त्रीकडे बघितलं आणि खण लोटून बंद केला.

मिस्त्रीच्या नाकाच्या शेंड्यावर राग आहे, हे त्याच्या लग्नाच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. एकदा एका इमारतीत कुणीतरी लिफ्टमध्ये पान थुंकलं होतं. याने स्विच बंद केला आणि खाली स्टूल टाकून बसला. ज्याने घाण केली तो येऊन पुसेपर्यंत लिफ्ट चालणार नाही म्हणाला. नऊ मजल्यांची माणसं जिने चढून घामाघूम झाली, तेव्हा कुठे तिसऱ्या मजल्यावरचे एक वकीलसाहेब फडकं घेऊन खाली आले. असा हा माणूस. आणि याच्या पोटी भोंगा जन्मला.

भोंगा हे नाव दवाखान्यातल्या नर्सने ठेवलं. पोरगं बाहेर आलं ते असं रडत की शेजारच्या खोलीतल्या बाईला वाटलं, कारखान्याची पाळी सुटली. “हा मुलगा नाही हो, भोंगा आहे,” नर्स म्हणाली, आणि ते चिकटलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं चांगलं नाव होतं, ते मास्तर ओरडताना वापरायचे. आवाज मात्र शेवटपर्यंत गेला नाही. पुढे तो लिफ्टच्या पोकळीत काम करताना गायचा, कारण तिथे आवाज घुमतो आणि फुकटात मोठा होतो. सुरात गायचा असं आईसुद्धा म्हणाली नसती. लोकांनी तक्रारी केल्या. मग तो आठवडाभर दुसऱ्या कामावर होता, तर त्यातलेच दोघं-तिघं विचारायला लागले, तो गाणारा कुठे गेला?

गणितात नापास झाला तेव्हा त्याने गुणपत्रिका ग्रीसच्या डब्याखाली लपवली. लिफ्टवाल्याच्या घरात ग्रीसच्या डब्याखाली! मिस्त्रीने दुसऱ्याच दिवशी डबा उचलला. कागदावर गोल डाग, आणि डागाच्या मधोमध गणिताचे मार्क. चार दिवस बाप मुलाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी भोंगा म्हणाला, “बाबा, डाग पडला नसता तर सत्तर होते,” आणि मिस्त्रीला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं. मुलगा बापाचे शर्ट न विचारता घालायचा. आईच्या इस्त्रीच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना उगीच म्हणायचा, “हिने इस्त्री केलेले कपडे घातले की पगार वाढतो.” सहाव्या मजल्यावरच्या एका आजीला लिफ्टची भीती वाटायची. त्या इमारतीत काम असलं की तो त्यांचा हात धरून वर-खाली एक फेरी मारायचा. लिफ्ट जुनी होती, कुरकुरायची. तिला म्हणायचा, “चल गं बाई, आज आजी आहेत, जरा नीट चाल.”

पण भोंग्याचं खरं बालपण गेलं ते ठोक्यांत. ते कसे आले, हे सांगायला मुक्यापासून सुरुवात करावी लागेल.

मुका हा मिस्त्रीचा कामावरचा जोडीदार. मुका नव्हता, पण बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. सकाळी एक ‘हं’ आणि संध्याकाळी एक ‘चला’, की दिवस संपला. एक जण वर मशीनजवळ, एक जण खाली खड्ड्यात, आणि मध्ये आठ मजले. ओरडायचं म्हटलं तर मुक्याचा आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत मरायचा. म्हणून दोघांनी युक्ती काढली. लिफ्ट ज्या लोखंडी रुळांवर वर-खाली सरकते ते खड्ड्यापासून छपरापर्यंत सलग असतात. खालच्याने पान्याने रुळावर तीन ठोके मारले, की ‘मी आत आहे, हात लावू नकोस’. वरच्याने तीन मारून उत्तर द्यायचं. काम संपवून खड्ड्याबाहेर आला, की दोन ठोके, ‘बाहेर आलो, सुरू कर’. कुलूप लावायला वर जा, खाली या, परत काढायला वर जा, ही तंगडतोड वाचली. कुलूप तपासणीच्या दिवशी लावायचं. एरवी ठोके.

जेवताना मिस्त्री हे सगळं मिटक्या मारत सांगायचा. साहेबाला कसा पत्ता लागला नाही, मुक्याने एकदा शिंक आली म्हणून चुकून चौथा ठोका कसा मारला आणि आपण वरून शिव्या कशा घातल्या. पोरगं डोळे मोठे करून ऐकायचं.

मग एक दिवस बाथरूमची कडी तुटली. भोंगा आठ वर्षांचा होता. बायको म्हणाली, नवी कडी बसवा. मिस्त्री म्हणाला, “कडी कशाला हवी? आपल्याकडे ठोके आहेत.” बाहेरच्याने एक ठोका मारायचा. आत कुणी असेल तर आतून तीन. बाहेर पडताना दोन. पोराला तर खेळच मिळाला. बायकोची बहीण राहायला आली होती, तिला हे कुणी सांगितलं नाही. तिने आतून उत्तर दिलं नाही, मिस्त्री दार ढकलून आत गेला, आणि त्या बाईच्या किंकाळीपुढे भोंगासुद्धा फिका पडला. ती पुढे सहा वर्षं त्यांच्याकडे आली नाही. कडी मात्र बसली नाही. सगळ्या गावाच्या लिफ्टची दारं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात एका दाराला कडी नाही, असं बायको ज्याला त्याला सांगायची. पुढे पुढे तिने सांगणंही सोडलं.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवरही ठोके चालायचे. सकाळी मिस्त्री उठला की बसल्या जागेवरून भिंतीवर दोन मारायचा. बाहेर ये. पलीकडून तीन यायचे. आत आहे, हात लावू नका. असं तो वीस-बावीस वर्षांचा घोडा झाल्यावरही चालू होतं.

कामावर लागला त्या दिवशी मिस्त्रीने त्याला ते कुलूप दिलं. बायको तेव्हा स्वयंपाकघरातलं स्टूल रंगवत होती. तिने ब्रशच्या टोकाने कुलपावर पिवळा ठिपका काढला. “सगळ्यांची कुलपं सारखीच दिसतात. तुझं ओळखू येईल,” म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, “ज्याचा जीव त्याचं कुलूप. लावायला विसरलास तर घरी येऊ नकोस.”

आता हे वाक्य त्याला दिवसातून शंभरदा आठवायचं आणि तो दात-ओठ खात बसायचा.

भेटायला येणाऱ्यांनी तर त्याचा पिच्छा पुरवला. जो तो काहीतरी शहाणपणाचं बोलून जायचा. शेजारचे निवृत्त शिक्षक म्हणाले, “चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात.” मिस्त्री म्हणाला, “मग तुम्हाला कशाला ठेवलंय?” त्यांनी चहा अर्धा टाकला आणि गेले. दुसरा म्हणाला, “किती शांत, समजूतदार मुलगा होता.” मिस्त्री त्याच्या अंगावर धावून गेला. “शांत? तो? कुणाच्या घरी आलात तुम्ही? माझा मुलगा भोंगा होता! उशिरा उठायचा, थापा मारायचा, माझे शर्ट पळवायचा. शांत मुलगा हवा असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा बसायला.” त्याला मुलाचा असा धुऊन, घडी घालून ठेवलेला पुतळा नको होता. आणि कागदावरचा निष्काळजी मुलगा तर त्याहून नको होता. त्याचा मुलगा दोन्हीकडून चोरीला चालला होता.

बायको रडली नाही. लोक कुजबुजायचे, हिला धक्का बसलाय. ती सकाळी इस्त्रीच्या दुकानात जायची, पाचला परत यायची आणि भोंग्याचे शर्ट कपाटातून काढून पुन्हा इस्त्री करायची. शर्ट तेच, इस्त्री रोज. बाथरूमला जाताना ती आता ठोके मारत नव्हती, नुसती खोकायची.

आणि त्या चष्मिसला तर मिस्त्रीने पायरी चढू दिली नव्हती. चष्मिस म्हणजे भोंग्याचा जोडीदार, त्याच्याच वयाचा, जाड काचांचा, किडकिडीत. अपघाताच्या दिवशी वर मशीनच्या खोलीत तोच होता. स्विच त्यानेच चालू केला होता, आणि लिफ्ट खाली भोंग्यावर आली होती. मिस्त्रीचं गणित सरळ होतं. भोंग्याने कुलूप लावलं. चष्मिसने घाईत दुसऱ्या किल्लीने काढलं. मग घाबरून पिशवीत टाकलं. खुनी तो, आणि निष्काळजी माझा मुलगा? मयताच्या वेळी चष्मिस जवळ आला, तेव्हा मिस्त्रीने त्याला चार माणसांत अशा शिव्या दिल्या की खांदा द्यायला आलेले मागे सरले.

चौकशीच्या तयारीला लागलेला मिस्त्री, कंपनीने घरी पाठवलेली भोंग्याची पिशवी रोज उपसायचा. पाने, टेस्टर, अर्धा बिस्किटांचा पुडा, तक्रारींची वही. लिफ्टमध्ये काही बिघाड दिसला की या वहीत लिहून वरचा कागद ऑफिसात द्यायचा, खालची कार्बनची प्रत वहीत राहते. तिसऱ्या दिवशी त्याने ती पानं नीट वाचली आणि जागेवरून उडाला. त्याच इमारतीचं नाव. ‘खड्ड्यातलं स्टॉपचं बटण चालत नाही. बदलावे.’ हे बटण खड्ड्यात उतरणाऱ्याच्या हाताशी असतं. ते दाबून ठेवलं की वरून कुणी काहीही करो, लिफ्ट हलत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा, भोंग्याच्याच तिरप्या अक्षरात: ‘दुसऱ्यांदा लिहीत आहे. बटण अजून मेलेलंच आहे. माझं लग्न व्हायच्या आत बदला.’

मिस्त्री एकटाच मोठमोठ्याने हसला, आणि मग त्याने वही कपाळावर मारून घेतली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. बटण यांनी बदललं नाही, आणि निष्काळजी कोण, तर पोरगा! आता बघतोच एकेकाला.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी दार वाजलं. बायको दुकानात होती. मिस्त्रीने दार उघडलं, तर समोर चष्मिस.

“निघ.”

“मिस्त्री, पाच मिनिटं.”

“तुझं तोंड बघायचं नाही मला. निघ म्हणतो ना!”

“मी उद्या तुमच्या बाजूने सांगणार आहे,” चष्मिस घाईघाईने म्हणाला. “कुलूप होतं, आणि मीच काढलं, असं सांगतो. तुम्ही म्हणाल तसं. मला काय व्हायचं ते होऊ दे.”

मिस्त्रीने त्याला आत ओढलं आणि टेबलापाशी बसवलं. “म्हणजे कबूल आहे तुला? काढलंस ना तू?”

चष्मिसने चष्मा काढून शर्टला पुसला, आणि पुसतच राहिला.

“बोल की!”

“नाही काढलं. कुलूप नव्हतंच. आम्ही कधी लावायचोच नाही. दिवसाला बारा लिफ्ट तपासायला द्यायचे, कुलपासाठी वर-खाली करत बसलो तर सहा पण होत नाहीत.”

“खोटं बोलू नकोस. माझा पोरगा कुलपाशिवाय उतरेल? मी शिकवलंय त्याला!”

“त्यानेच तर मला शिकवलं,” चष्मिस म्हणाला. आणि त्याने वाकलेल्या बोटाने टेबलावर ठोके मारले. एक, दोन, तीन.

मिस्त्रीचा हात टेबलावर होता. त्याने काही ठरवलं नव्हतं. त्याच्या बोटाने आपोआप उत्तर दिलं. तीन.

दोघंही त्या बोटाकडे बघत राहिले.

“आमच्या घरची पद्धत आहे म्हणायचा,” चष्मिस खाली मान घालून म्हणाला. “बाबा आणि मुका काका एकतीस वर्षं याच्यावर जगले, कुणाच्या बोटाला खरचटलं नाही. कुलूप साहेबासाठी, ठोके आपल्यासाठी. त्या दिवशी त्याने तीन मारले, मी वरून तीन मारले. गाणं चालू होतं त्याचं. मग गाणं थांबलं. आणि दोन ठोके आले. स्पष्ट दोन. मी स्विच टाकला.”

“तो बाहेर आला नव्हता.”

“चौथ्या मजल्यावर सुतार दाराची चौकट ठोकत होता. लिफ्टच्याच भिंतीला. त्याचा हातोडा होता तो.”

मिस्त्री उठून खिडकीपाशी गेला. एकतीस वर्षांत किती सुतारांनी किती चौकटी ठोकल्या असतील, आणि त्यातल्या एकानेही बरोबर दोन ठोके मारून थांबू नये, एवढंच त्याचं आणि मुक्याचं शहाणपण. मुका म्हातारा होऊन स्वतःच्या बिछान्यात मेला, म्हणून यांना वाटलं, पद्धत बरोबर आहे. त्याला वाटलं मागे वळून त्या पोराचा गळा धरावा. पण गळा कुणाचा धरायचा, ते आता त्याला माहीत झालं होतं, आणि स्वतःचा गळा माणसाला नीट धरता येत नाही. त्याने भिंतीवर बुक्की मारली. आधी एक, मग दुसरी. दुसरीचा आवाज ऐकून तो असा दचकला की हात खाली घेऊन काखेत दाबून धरला.

“मग उद्या कुलूप होतं असं सांगतो,” चष्मिस पुन्हा म्हणाला. “त्याचं नाव तरी साफ होईल.”

खरं सांगायचं तर मिस्त्रीला ते आवडलं. क्षणभर नाही, चांगला अर्धा तास आवडलं. त्याने पोराला चहासुद्धा करून दिला. एका होकारात सगळं बसत होतं. मुलगा निर्दोष, बाप निर्दोष, आणि आत जाणारा दुसऱ्याचा मुलगा. समोर तो चहा फुंकून फुंकून पीत होता, वाफेने काचा धुरकटलेल्या, आणि त्या तशा काचांतून मिस्त्रीकडे बघत होता. शिक्षा मागायला आलेला इतका भित्रा माणूस मिस्त्रीने कधी बघितला नव्हता.

“घरी कोण आहे तुझ्या?”

“आई.”

“मग गाढवा, तिला विचारलंस का?” मिस्त्री ओरडला. “एक पोरगा गेला तेवढा पुरे नाही का? चहा संपव आणि चालता हो. उद्या मी बोलल्याशिवाय तोंड उघडलंस तर थोबाड फोडीन.”

चौकशी कंपनीच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला सरकारी बाई, दुसऱ्या टोकाला साहेब. बायको आली नव्हती. “त्या माणसांची तोंडं मला बघायची नाहीत,” म्हणाली होती. साहेबाने कागद वाचला. बाईंनी चष्मिसकडे बघून विचारलं, “स्विच तुम्ही चालू केलात?”

“त्याला विचारू नका,” मिस्त्री उठून उभा राहिला. “मला विचारा.”

“तुम्ही वडील ना? तुम्ही तर निवृत्त झालात. तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता.”

“माझी पद्धत होती तिथे.” त्याने ते पिवळ्या ठिपक्याचं कुलूप टेबलावर ठेवलं. आणि सगळं सांगितलं. मुका, रूळ, तीन ठोके, दोन ठोके, जेवतानाच्या बढाया, चौथ्या मजल्यावरचा सुतार. सांगताना आवाज खाली आणणं त्याला जमलं नाही. जन्मभर जसा दुसऱ्यांवर ओरडला तसाच तो स्वतःवर ओरडला. “कुलूप लाव हे मी त्याला एकदा सांगितलं. लावू नकोस हे पंधरा वर्षं जेवताना शिकवलं. पोरगं काय शिकणार?”

मग साहेबाने सुटकेचा श्वास सोडला. अगदी ऐकू येईल असा. “म्हणजे मॅडम, कंपनीचा यात काही…”

“तू कुठे पळतोस? बस खाली!” मिस्त्रीने तक्रारींची वही त्याच्यापुढे आदळली, बाटली आडवी झाली. “वाच. मोठ्याने वाच. बटण मेलंय म्हणून दोनदा लिहून दिलं माझ्या पोराने. तू बदललंस? ते चालत असतं तर मी कितीही गाढव असलो आणि सुताराने कितीही ठोकलं असतं, तरी तो आज घरी असता. बारा लिफ्ट एका दिवसात कोण तपासायला लावतो? मी?”

साहेबाने वाचलं नाही. बाईंनी वही ओढून घेतली आणि वाचली. ‘माझं लग्न व्हायच्या आत’ इथे त्या थांबल्या, आणि बराच वेळ त्याच ओळीवर राहिल्या.

“दोन्ही नोंदवते,” त्या म्हणाल्या. “तुमचं म्हणणं आणि ही वही. पण कुलूप त्याने लावलं नव्हतं, हे मला लिहावंच लागेल.”

“लिहा. खरं आहे ते. फक्त निष्काळजी लिहू नका. कामाला हात लावायच्या आधी त्याने तीन ठोके मारले, उत्तर येईपर्यंत थांबला, मग काम सुरू केलं. काळजी घेतली होती त्याने, बाई. बापाने शिकवली होती तेवढी घेतली.”

बाईंनी साहेबाचा कागद समोर घेतला आणि त्यातल्या एका शब्दावर आडवी रेघ मारली. मग विचारलं, “ही पद्धत कुणी सुरू केली असं लिहू?” मिस्त्रीने स्वतःचं नाव सांगितलं. मुक्याचं सांगितलं नाही. मुका तरी काय बोलणार होता?

घरी आला तेव्हा सहा वाजले होते. बायको टेबलावर चादर अंथरून भोंग्याचा निळा शर्ट इस्त्री करत होती. मिस्त्रीने चपला काढल्या नाहीत. दारातच उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं, चष्मिसपासून रेघेपर्यंत. तिने मान वर केली नाही. बाही झाली, कॉलर झाली. मग तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“पंधरा वर्षं सांगत होते,” ती म्हणाली. “कडी बसवा.”

“हो.”

“एक कडी. चार स्क्रू. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरलात. मी सांगितलं तेव्हा हसलात दोघंही. तुम्ही हसलात म्हणून तो हसला.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच तो मिस्त्रीला ऐकवेना. भांडणाची त्याला सवय होती. “माझ्याशी आता काही बोलू नका.”

तो तसाच माघारी फिरला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. बाथरूमच्या दाराची जुनी भोकं सैल झाली होती. त्याने त्यांत काड्यापेटीच्या काड्या मोडून घातल्या, चार स्क्रू पिळून बसवले, कडी दोनदा सरकवून बघितली. दहा मिनिटांचं काम. दहासुद्धा नाही. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तो बाजूला झाला.

बायको उठली. त्याच्याकडे न बघता आत गेली, दार लावलं. पंधरा वर्षांनी त्या दाराच्या कडीचा आवाज झाला. मग नळ सोडल्याचा आवाज आला, आणि नळाच्या आवाजावर चढून ती रडायला लागली. गळा फाडून, घर हलेल अशी. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यात येऊन उभं राहिलं. भोंग्याने तो आवाज कुणाकडून आणला होता, ते मिस्त्रीला तेवीस वर्षांनी कळलं.

तो दाराबाहेर उभा होता. त्याचं बोट वाकून दारापर्यंत गेलं होतं. ते त्याने मागे घेतलं, मुठीत धरलं, आणि ती बाहेर येईपर्यंत तिथेच थांबला.